लुआंग्वाच्या काठावरची कोपी

“अंधार पडला की झोपडीबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. काही लागलं तर दारातून टॉर्च हलवायची, राखणदार येऊन घेऊन जाईल. आणि इथं कुंपण नाही, हे लक्षात ठेवा.”

कॅम्पवर पोचल्या पोचल्या गार पाण्याचा पेला हातात देऊन गाइडनं आम्हाला एवढंच सांगितलं. मुलगा मराठीतून समजावून सांगत होता, पण माझं लक्ष समोर होतं. पंचवीस-तीस पावलांवर काठ तुटत होता, खाली लुआंग्वा नदी, आणि पाण्यात पाठीला पाठ लावून पाणघोडे. मी मोजायला लागले आणि साठापर्यंत मोजून सोडून दिले.

मुलगा तीन वर्षांपासून नोकरीनिमित्त झांबियाच्या राजधानीत, लुसाकात आहे. “आई, एकदा ये, तुला नदी दाखवतो,” असं तो दर फोनला म्हणायचा. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं नवराबायको गेलो. आदिस अबाबामार्गे जायचं म्हणून पिवळ्या तापाची लस घेतली. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेवावं लागतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू केल्या. त्या परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात, मधेच सोडायच्या नाहीत. लुसाकाहून उद्यानाजवळच्या म्फुवे गावापर्यंत तासाभराचं छोटं विमान, तिथून पुढं जीप. प्रवासाचं एवढंच.

कपड्यांचं मात्र सांगायला हवं. माझे दोन चांगले गडद निळे पंजाबी ड्रेस मुलानं लुसाकातच ठेवायला लावले. या खोऱ्यात त्सेत्से नावाची माशी आहे, आणि निळ्या-काळ्या रंगावर ती हमखास येते. रस्त्याच्या कडेला झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे चौकोन टांगलेले दिसले, ते तिला पकडायचे सापळे. माशी चावते तेव्हा कपड्यावरून सुई टोचल्यासारखं होतं, हे मी अनुभवलं. पण तिचा खरा मार माणसापेक्षा जनावरावर. ती गुराढोरांत रोग पसरवते, म्हणून या खोऱ्यातल्या गावांत गुरं जवळपास नाहीतच. बैल नाही म्हणून नांगर नाही. बायका-पुरुष मक्याची शेतं हातातल्या कुदळीनं करतात. आमच्या घरी चार पिढ्या बैल आहेत. बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लावणाऱ्या माणसाला, एका माशीपायी अख्ख्या मुलखात बैल नाही, ही गोष्ट फार लागते. जीपमधून त्या शेतांकडे बघताना हे बराच वेळ गप्प होते.

पहिला कॅम्प थोडा पक्क्या बांधणीचा होता. अर्ध्या उंचीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, नदीकडची बाजू उघडी, तिथं फक्त जाळी. रात्री साडेआठलाच राखणदारानं झोपडीत सोडलं. दिवा मालवला आणि नदी सुरू झाली. पाणघोडे दिवसभर पाण्यात पडून असतात, रात्री चरायला वर येतात, हे ऐकून माहीत होतं. पण तो आवाज माहीत नव्हता. आधी काठावरून जड काहीतरी ओढत आणल्यासारखं, मग शांतता, आणि मग अगदी उशाशी गवत तोडण्याचा आवाज. गोठ्यात रात्री बैल कडबा मोडतो ना, तसाच. त्याच लयीत. एक घास, चावणं, थांबणं, फुसकारा. मला भीती वाटली का, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. पहिल्यांदा वाटली. मग त्या चावण्याच्या आवाजानं मला माहेरची माडी आठवली, खाली गोठा असलेली, आणि मी झोपले. पहाटे उठून पाहिलं तर झोपडीच्या पायरीपासून चार हातांवर गवत कापल्यासारखं साफ केलेलं होतं आणि चार बोटांचे मोठाले ठसे थेट नदीपर्यंत गेलेले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं ऐकण्याचं शिक्षण सुरू झालं. ताडोब्याला मी तीनदा गेले आहे. चितळाचा कॉल, वानराचं खाकरणं ऐकून वाघाचा माग काढतात हे तिथं पाहिलेलं. इथं चितळाच्या जागी पुकू नावाचं तांबूस हरीण. ते शीळ घालतं. वानराच्या जागी बबून, तो भुंकतो. गाइड जीप बंद करून मिनिटभर नुसता बसायचा. एका संध्याकाळी पुकूनं एकदाच शीळ घातली तर तो हलला नाही. पुन्हा पुन्हा यायला लागली, सगळ्या कळपाची तोंडं एकाच दिशेला वळली, तेव्हा म्हणाला, “आता चला.” त्या दिशेला चिंचेच्या आडव्या फांदीवर बिबट्या होता. हो, चिंचच. आपण तिला आपली म्हणतो, पण ती मूळची आफ्रिकेची, आणि लुआंग्वाच्या काठानं चिंचा जिथं तिथं आहेत. गोरखचिंचाही. बिबट्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तो सुंदर होता, आम्ही अर्धा तास पाहिला. इथं अंधार पडल्यावर दिवा घेऊन जीपनं फिरायची परवानगी असते, त्यामुळे तो फांदीवरून उतरून गवतात गेला तिथपर्यंत दिसला.

मला लिहायचंय ते चालण्याबद्दल आणि दुसऱ्या कॅम्पबद्दल.

साउथ लुआंग्वा हे ९,०५० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, १९७२ पासूनचं. जंगल पायी दाखवायची रीत याच खोऱ्यात रुजली. नॉर्मन कार नावाचा एक वन्यजीव अधिकारी इथं होता. १९५० साली त्यानं आणि न्सेफू या स्थानिक मुखियानं मिळून नदीकाठी पाहुण्यांसाठी एक कॅम्प उघडला, त्या मुखियाच्याच जमिनीवर, आणि पैसा तिथल्या लोकांकडे जाईल असं ठरवून. इंग्रजी राज्यात, १९५० साली! जंगलातल्या माणसाला जंगलातून हुसकावून जंगल राखण्याचे दिवस होते ते, आणि इथं दोन माणसांना उलटं सुचलं. पुढं नॉर्मन कारनं बंदूकवाल्या शिकाऱ्यांऐवजी कॅमेरावाल्या पाहुण्यांना पायी न्यायला सुरुवात केली.

तर तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही पायी निघालो. पहिल्या कॅम्पवरून दुसऱ्यावर. सामान जीपनं लांबच्या वाटेनं गेलं. सगळ्यात पुढं उद्यान खात्याचा बंदूकधारी रक्षक, मागं गाइड, मग आम्ही तिघं, शेवटी चहाचं सामान घेतलेला एक तरुण. एकामागं एक, बोलायचं नाही, काही दाखवायचं असेल तर चुटकी. आणि एक नियम गाइडनं तीनदा म्हणून घेतला: काहीही झालं तरी पळायचं नाही. मी माळकरी आहे, तीन वेळा वारी पायी केली आहे, रांगेनं चालणं मला नवं नाही. पण तोंडात अभंग नाही, टाळ नाही, अशी चालायची पहिलीच वेळ. थोड्या वेळानं कळलं, बोलणं थांबलं की पाय ऐकायला लागतात.

आणि पायांखाली काय, तर काळी कापसाची जमीन! आपल्यासारखीच. पावसाळ्यात इथं जीप रुतते म्हणून बहुतेक रस्ते बंद होतात. त्या चिखलात हत्ती आणि पाणघोडे चालतात, आणि नंतर जमीन वाळून दगड होते. सप्टेंबरात आपण चालतो ते त्या वाळलेल्या ठशांवरून. हत्तीचा एक एक ठसा परातीएवढा आणि वीतभर खोल. घोट्याला आधार देणारे बूट घाला असं सांगितलं होतं ते का, हे पहिल्या शंभर पावलांत समजलं. एका ताज्या ठशापाशी गाइड बसला. पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट. त्यानं चहावाल्या पोराकडची दोरी घेऊन पुढच्या ठशाचा घेर मोजला, दोरी दुप्पट केली आणि उभी धरली. हत्तीण खांद्यापाशी अंदाजे एवढी उंच, म्हणाला. दोरीचं टोक यांच्या डोक्याच्या बरंच वर होतं.

तासाभरानं ती दिसली. नदीनं सोडून दिलेल्या जुन्या पात्राचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा डोह होता, तिथून कळप पाणी पिऊन वर येत होता. रक्षकानं हात वर केला. गाइडनं खिशातून राख भरलेला छोटा मोजा काढून झटकला. राख आमच्याकडून कळपाकडे गेली. वारा वाईट होता. त्यानं हातानंच मागं सरकायला सांगितलं, आणि आम्ही पावलं मोजत एका मोठ्या वारुळाच्या आड झालो. पुढची हत्तीण थांबली. सोंड वर करून वास घेतला. मग कान पसरले. तिला सुळे नव्हते. मी एवढ्या जवळ होते की तिच्या पोटातून येणारी घरघर मला कानानं कमी आणि छातीत जास्त जाणवली. किती वेळ गेला सांगता येत नाही, मुलगा म्हणतो वीस मिनिटं. तिनं डोकं जोरात हलवलं, कानांचा फटकारा बसला, आणि पिल्लांना मधे घेऊन कळप झाडीत गेला.

नंतर चिंचेखाली चहा घेताना मी सुळ्यांचं विचारलं. या उद्यानात १९६९ साली बिनसुळ्यांच्या हत्तिणी शंभरात दहाएक होत्या. १९८९ मध्ये त्या शंभरात अडतीस झाल्या. मधल्या वीस वर्षांत हस्तिदंतासाठी एवढी कत्तल झाली की जिला सुळे नाहीत ती जगली आणि तिचंच बीज पुढं आलं. गेंडे तर या खोऱ्यातून पुरते संपले. उत्तरेच्या नॉर्थ लुआंग्वा उद्यानात २००३ पासून पुन्हा आणून सोडले आहेत. हे सगळं सांगताना गाइडचा आवाज चढला नाही, पण त्यानं चहा खाली ठेवला होता. त्याचे वडील त्याच काळात इथं रक्षक होते.

दुसरा कॅम्प दिसला तेव्हा मी जागच्या जागी थांबले आणि यांना म्हटलं, “अहो, ही तर कोपी!”

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बांबू वाकवून वर पाचट घालून कोप्या उभ्या करतात, आणि हंगाम संपला की मोडून जातात. इथंही तेच. लाकडाचे खांब, बांबू, गवताच्या विणलेल्या भिंती, खाली वाळू पसरलेली. खिळे फार थोडे, बाकी सालीच्या दोऱ्यांनी बांधलेलं. सहाच झोपड्या. आत स्वच्छ पांढऱ्या चादरी आणि मच्छरदाणी होती, न्हाणीत बादलीचा शॉवर होता आणि माणशी दिवसाला काही शे डॉलर पडत होते, हा फरक मोठा आहे आणि तो मी विसरले नाही. मुलानं वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. पण बांधणी कोपीचीच, आणि कारणही तेच: इथं कायमचं राहायचं नाही.

लुआंग्वाच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. कृष्णेला पूर आला की आम्ही कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीची पातळी किती, याच्या बातम्या लावून बसतो. २०१९ ला आमच्या ओट्याला पाणी लागलं होतं. या नदीला अडवणारं, सोडणारं कुणी नाही. नोव्हेंबरपासून पाऊस, मग पूर, आणि पुरात ती वळणाची बाहेरची बाजू खात जाते, आतल्या बाजूला वाळू टाकते. वळण फार झालं की तोडून सरळ होते आणि जुनं पात्र डोह म्हणून मागं राहतं. म्हणून असे कॅम्प पावसाआधी उतरवतात आणि मे-जूनमध्ये पाणी ओसरलं, रस्ता मोकळा झाला की नव्यानं बांधतात. कुठं बांधायचा हे नदीनं काय ठेवलंय ते बघून. वारीत रोज पहाटे राहुटी उतरवून गाशा गुंडाळतात, त्यातला आनंद मला माहीत आहे. इथं तोच आनंद वर्षाच्या मापानं होता.

काठ उभा चिरल्यासारखा होता आणि त्या मातीत शेकडो भोकं. किरमिजी रंगाचे राघू, आपल्या वेड्या राघूचे भाऊबंद, पण बरेच मोठे, त्या भोकांत घरटी करतात. सप्टेंबरात हजारांनी येतात. काठावर पोटावर पडून मी डोकं पुढं काढलं तर खाली नुसता लाल-निळा कल्लोळ. दुसऱ्या दिवशी दुपारी, चाळिसाच्या जवळपास ऊन, सगळे सावलीला, आणि धप्पकन आवाज झाला. काठाचा बैलगाडीएवढा तुकडा पाण्यात गेला. त्यावर तीसचाळीस भोकं असतील. पक्षी घिरट्या घालत ओरडत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर त्याच नव्या उघड्या मातीवर चारपाच जण लटकून चोचीनं उकरत होते. बारीक माती पायांनी मागं उडत होती.

आता जेवणाचं. मला शाकाहारी जेवण लागतं हे बुकिंग करणाऱ्या एजंटाला मुलानं दोनदा लेखी कळवलं होतं. त्यानं ते पुढं पोचवलंच नाही. पहिल्या कॅम्पवर सॅलड-पास्त्यावर निभलं, पण या आतल्या कॅम्पवर सामान आठवड्यातून दोनदाच येतं. पहिल्या रात्री माझ्यापुढं उकडलेला बटाटा आणि पाव. स्वयंपाकी स्वतः बाहेर आला, दोन्ही हात जोडल्यासारखे एकावर एक ठेवून किंचित वाकला आणि “अमाई” म्हणाला. न्यांजा भाषेत आईला, मोठ्या बाईला असंच म्हणतात. मुलाला विचारलं, तुझ्या आईला आमच्या घरचं जेवण चालेल का?

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून त्याच्या चुलीशी. गवताचं छप्पर, मोपाने लाकडाचा विस्तव, आणि पाव भाजायला पत्र्याची ट्रंक, वर-खाली निखारे ठेवलेली. त्यानं भोपळ्याची कोवळी पानं घेतली, देठाचं टोक मोडून वरची शीर सोलून काढली, अगदी जशी माझी सासू काढायची. पानं चिरली, टोमॅटोबरोबर शिजायला ठेवली. आणि मग त्यानं एका डब्यातून पांढरट कूट काढलं. मी वास घेतला. शेंगदाणे! आमच्यासारखे भाजलेले नाहीत, कच्चेच कुटलेले. ते भाजीत घालून मंद विस्तवावर बराच वेळ हलवत राहिला, कच्चेपणा जाऊन तेल सुटेपर्यंत. तोपर्यंत दुसऱ्या भांड्यात मक्याच्या पांढऱ्या पिठाची पातळ पेज रटरटत होती. तीत मुठीमुठीनं पीठ टाकून लाकडी वल्ह्यासारख्या पळीनं तो घेरायला लागला. पिठलं घेरतात तसंच, पण इतकं घट्ट की शेवटी दोन्ही हातांनी पळी ओढावी लागते. ही न्शिमा. मी पळी मागितली. त्यानं दिली, आणि माझं भांडं पायानं धरून ठेवलं. हात धुवायला तांब्याभांडं आलं, मग हातानं गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, त्यात भाजी धरायची. पाच हजारांहून जास्त किलोमीटर लांब मी कुटाची पालेभाजी आणि उकडीसारखा घास खात होते आणि मला बोलता येईना.

खाताना त्यानं हळूहळू घरचं सांगितलं. त्याचं गाव नदीपलीकडे. यंदा मका आला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत झांबियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळाला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं होतं. बावीस लाख हेक्टरांवर पेरलेल्या मक्यापैकी जवळपास दहा लाख हेक्टर करपला. करिबा धरणात पाणी नाही म्हणून लुसाकात मुलाकडेही दिवसातले बहुतेक तास वीज नव्हती, ते आम्ही भोगून आलो होतो. पण याच्या घरी पीठच विकतचं, आणि त्याचा भाव दर आठवड्याला वाढलेला. ज्यांच्या शेतात थोडंफार उभं राहिलं त्यांच्याकडे रात्री हत्ती येतात. ते मिरचीचा धूर करून, डबे वाजवून रात्र काढतात. “हत्तीमुळे मला पगार आहे,” तो म्हणाला, “आणि हत्तीमुळे माझ्या भावाचं शेत गेलं.” दोन्ही वाक्यं त्यानं एकाच सुरात म्हटली. न्शिमाचा दुसरा गोळा मी घेतला नाही, तर त्यानं रागावून वाढला.

निघायच्या सकाळी मी बरोबर नेलेला काळा मसाला, अर्धा किलोचा, त्याला दिला. भाजीत किती घालायचा ते चिमटीनं दाखवलं. “झिकोमो, अमाई,” म्हणाला. झिकोमो म्हणजे आभार. त्यानं कुटाची पुडी करून दिली, चितेंगेच्या, म्हणजे तिथल्या छापील सुती कापडाच्या तुकड्यात बांधून. ज्या घरात पीठ विकतचं आहे तिथून आलेली पुडी मी नको म्हणू शकले नाही.

परत आल्यावर मुलानं त्या स्वयंपाक्याचा नंबर जपला. नोव्हेंबरात एक फोटो आला: झोपड्या उतरवलेल्या, गवत जाळून टाकलेलं, खांब एका बाजूला रचलेले, आणि आभाळ काळं. मग पाच-सहा महिने काही नाही, तिकडे जायला रस्ताच नसतो. २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला दुसरा फोटो आला. नदीला पाणी चांगलं होतं. गावात मका झालाय, असं त्यानं आधी लिहिलं होतं. फोटोत ज्या चिंचेखाली आमचं जेवणाचं टेबल असायचं ती चिंच आता अगदी काठावर, अर्धी मुळं हवेत. आमची झोपडी होती ती जागा नदीत गेली. त्याच्या मागं चाळीसेक पावलांवर चार माणसं खांब रोवताना दिसत होती.